एकशे बारावी गझल

काशान, १९ मेहर

तूबा,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. तुझ्या पत्रातही नव्हतं. थोरल्या बहिणीला 'आबजी' म्हणायचीस, तेही नव्हतं. अठ्ठावीस वर्षांनी सख्ख्या बहिणीचं अक्षर बघायला मिळणार म्हणून पाकीट उघडण्याआधी मी हात धुऊन आले, आणि आत निघाल्या चार ओळी, त्याही टाइप केलेल्या. "परनियानला मागणी आली आहे. मुलगा बरा आहे. पण आजोबांच्या पुस्तकाचा कौल घेतल्याशिवाय होकार देणार नाही असा तिचा हट्ट आहे. कौल लाव आणि काय निघालं ते कळव." वाण्याला यादी धाडतानाही माणूस याहून चार शब्द जास्त लिहितं.

तुझी मुलगी लग्नाची झाली हेसुद्धा मला असं कळावं! तिचा एकच फोटो माझ्याकडे आहे, कुम शहरातल्या मावशीने पाठवलेला, दोन वेण्या घातलेला. हनुवटी तुझी आहे, म्हणजे हट्टाचं काही नवल नाही.

पण कौल टपालाने मागवायचा? बसस्टँडबाहेर एक दाढीवाला पिंजऱ्यात पोपट घेऊन बसतो, तो बघितलास तर तुला आवडेल. पोपट चोचीने पाकीट ओढतो, पाकिटात आपल्या म्हाताऱ्याच्या दोन ओळी, त्याही चुकीच्या छापलेल्या. लोक उभ्या उभ्या वाचतात, "छान निघालं" म्हणतात आणि चुरगळून गटारात टाकतात. आपल्या गावचा कवी, दोनशे वर्षांपूर्वी मेलेला, ज्याला आपल्या घरात आजोबा असल्यासारखं 'म्हातारा' म्हणत आलो, त्याचे शेर गटारात तरंगताना मी रोज बघते. मला शिसारी येते. आपले आगाजान गेले तेव्हा त्यांच्या चाळिसाव्या दिवसाला आलेल्या बायकांनीही हेच केलं होतं. पुढ्यात वडिलांच्या नावाचा हलवा, आणि "फख्री खानुम, जरा पुस्तक आणा ना, माझ्या जावयाच्या बदलीचा कौल लावायचाय!" तुपाच्या बोटांनी पानं उलटली मेल्यांनी. डाग अजून आहेत. तुला ते माहीत नसणार, कारण तू आली नव्हतीस.

आणि तू? घर सोडताना "ते पुस्तक विहिरीत टाक" असं मला सांगून गेलेली तू. त्याच तोंडाने आता कौल मागतेस? मी कौल लावणार नाही.

फख्री

काशान, ३ आबान

तूबा,

या वेळी हाताने लिहिलंस, सुधारणा आहे. "तू लावणार नसशील तर पुस्तक पाठव. परनियान स्वतः उघडेल. मुलाकडच्यांना आज़र महिना संपायच्या आत उत्तर हवंय." वाचलं.

पुस्तक आत्ता मिळणार नाही. मी ते वाचते आहे.

हसलीस ना? "अजून तेच वाचतेस?" असं म्हणाली असशील. हो, तेच. आगाजानची पद्धत तू विसरली नसशील, तुला तिचा जाम कंटाळा यायचा. आठवड्याला एक गझल. गझलेत सात शेर, शनिवारपासून शुक्रवारपर्यंत दिवसाला एक. पुढचा शेर आधी बघायचा नाही, पुढची गझल तर नाहीच. "घाईने खाल्लेलं अंगी लागत नाही पोरींनो," म्हणायचे. पुस्तकाला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हाही त्यांचाच नियम. आता हात लावणारी मी एकटी उरले आहे. तीनशेबारा गझलांना सहा वर्षं लागतात. माझी पाचवी फेरी चालू आहे.

या आठवड्यात एकसष्टावी आहे. शनिवारी पहिला शेर नुसता मोठ्याने म्हटला, अर्थाकडे बघितलंही नाही. म्हाताऱ्याच्या ओळी नुसत्या म्हणायला किती गोड लागतात हे तुला सांगून उपयोग नाही, तरी सांगते. रविवारी बोरूने दुसरा लिहून काढला. लिहिताना हात अडतो तिथे काहीतरी असतं, हे मला इतक्या वर्षांत कळलंय. सोमवारी तिसरा तोंडात घोळवत डाळिंबं सोलत बसले आणि परात कधी भरली ते समजलं नाही. त्या शेरात उंबरा आहे आणि उंबऱ्यावर काढलेल्या चपलांचा एक जोड आहे. चार फेऱ्यांत मी तो जोड ओलांडून पुढे गेले होते. परवा थांबले. एकच जोड का? तर घरात एकच माणूस आहे. म्हातारा तेवढं सांगतो आणि लगेच जाईच्या वेलाचा विषय काढतो, जणू काही बोललाच नाही. मी उठून आपल्या दाराशी जाऊन बघून आले. माझ्या एकटीच्याच चपला होत्या. पण वाईट नाही वाटलं, उलट कुणीतरी दोनशे वर्षांपूर्वी माझी विचारपूस करून गेल्यासारखं वाटलं. संध्याकाळी बिहीच्या फळांचा मुरंबा केला. वास घरभर होता आणि शेर डोक्यात. असा दिवस मला बादशहाने दिला तरी मी बदलून घेणार नाही.

आमच्या शाळेतली नवी मुख्याध्यापिका मला पेन्शनच्या कागदांसाठी भेटली होती. मला खूश करायला म्हणाली, "फख्री खानुम, तुमच्या कवीचं अख्खं पुस्तक मी इस्फहानच्या बसमध्ये संपवलं!"

"संपवलंत? चणे होते का?" मी म्हटलं.

तिला वाटलं मी विनोद केला. ती हसली. मी कागद उचलले आणि घरी आले.

तेव्हा थांबायला सांग तुझ्या परनियानला. शिवाय पुस्तक आता प्रवासाच्या लायकीचं नाही. पाठ गेली आहे, हातात धरलं की आपलं आपणच उघडतं. पाठवायचं म्हटलं तरी भीती वाटते.

फख्री

काशान, २४ आबान

तूबा,

"एका मुलीच्या आयुष्यापेक्षा तुला पुस्तकाची पाठ मोठी वाटते?" असं तू लिहिलंस. मला राग आला, मग ओसरला. गुरुवारी दुपारी वुजू केलं, नमाजाआधी धुतो तसे हातपाय-तोंड धुतलं, डोळे मिटले, मनात परनियानचं नाव घेतलं आणि आगाजान करायचे तसं अंगठ्याने पुस्तक उघडलं.

एकशे बारा.

मिटलं, पुन्हा उघडलं. एकशे बारा. तिसऱ्यांदाही तेच. तुला आकडा आठवत नसेल असं मी समजत नाही. त्या दिवशीही गुरुवारच होता. 'यावर' नावाचा तो मुलगा बाहेरच्या खोलीत बसला होता, अहवाजहून आलेला, जमिनी मोजायचं काम करणारा, बुटांना चिखल लागलेला. त्याने काशानमध्ये कुणाला न विचारता थेट आपल्या दारात येऊन तुला मागणी घातली होती, आणि तू आतल्या दाराआड ओढणीचं टोक चावत उभी होतीस. आगाजान त्याला म्हणाले, "बाळा, मला तू आवडलास. पण आमच्या घरात अशा गोष्टी म्हाताऱ्याला विचारून ठरतात." आणि त्यांनी पुस्तक उघडलं. तीनदा, आणि तिन्ही वेळा एकशे बारा. पहिला शेर त्यांनी मोठ्याने वाचला. वाटसरूला उद्देशून आहे तो, की या दारी थांबू नकोस, इथल्या विहिरीचं पाणी घरच्यांपुरतंच आहे. वाचता वाचता त्यांनी डोळे पुसले. "तीनदा एकच! इतकं स्पष्ट म्हातारा कधी बोलला नव्हता," म्हणाले आणि त्यांनी पुस्तक मिटलं. यावर चहा अर्धा टाकून उठला. पाच महिन्यांनी मशहदच्या विधुराचं स्थळ आलं, तेव्हा तू आगाजानना म्हणालीस, "पुस्तकाला विचारू नका. मी जाते. जितकं लांब असेल तितकं बरं."

हे सगळं तुला मी का सांगते आहे? तर काल पुस्तक घेऊन मी उस्ताद नबीकडे गेले. बाजारातल्या आंघोळखान्यामागे त्याचं पुस्तकं बांधायचं दुकान आहे. सरसाच्या वासाने नाक जळतं तिथे. कौलाची सगळी हकीगत मी त्याला सांगितली. मला वाटलं माणूस थक्क होईल. त्याने पुस्तक पाठीवर उभं धरलं आणि सोडलं. एकशे बारा. पुन्हा सोडलं. एकशे बारा.

"खानुम, यात म्हाताऱ्याचा काही हात नाही," तो म्हणाला. "या जागी शिवण तुटली आहे. पुस्तक इथेच उघडणार. तुम्ही उघडा, मी उघडतो, माझी बकरी उघडेल तरी इथेच."

"शिवण तुटते कशाने?"

"एकाच पानावर पुस्तक उताणं ठेवून ठेवून. एकदोनदा नाही, महिनोन्महिने. हे बघा, पानाला घामाचे डाग. हे चहाच्या पेल्याचं वर्तुळ. फार जुनं आहे सगळं. कुणीतरी या पानावर मुक्काम ठोकला होता." आणि तो मेला हसला. "कौल नाही हो हा. पुस्तकाची पाठ मोडलीय बिचाऱ्याची."

दुकानातून बाहेर येऊन मी कट्ट्यावर बसले. एका मुलीचं आयुष्य तुटलेल्या दोऱ्यावर ठरवलं आपण, आणि डोळ्यांत पाणी आणून ठरवलं! आगाजानची तर मला किळसच आली, तूबा. मेलेल्या बापाबद्दल असं लिहू नये, पण आली. जन्मभर दिवसाला एक शेर वाचणारा माणूस, आणि मुलीच्या वेळी पहिला शेर वाचून मोकळा! उरलेले सहा कोण वाचणार होतं? स्वतः 'नाही' म्हणायचं धाडस नव्हतं म्हणून म्हाताऱ्याच्या तोंडून म्हणून घेतलं.

पाहुण्यांनी वगैरे हाताळून शिवण तुटली असेल. आपल्या घरी कोण कोण येत असे.

फख्री

काशान, ११ आज़र

तूबा,

मागच्या पत्राची शेवटची ओळ खोटी आहे. आगाजान जिवंत असताना पाहुण्यांना ते पुस्तक कधी मिळालंच नाही. आगाजान कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायचे.

उस्ताद नबीने पेल्याचं वर्तुळ दाखवलं तेव्हाच मला कळलं होतं कुणाचा पेला. खरं तर त्याआधीही ठाऊक होतं. खरं तर अठ्ठावीस वर्षं ठाऊक आहे. घे, लिहिलं.

यावर आला त्याच्या आधीचा हिवाळा आठव. आगाजान पहाटे मशिदीत जायचे आणि नमाज, गप्पा, गरम नान असं सगळं आटपून दोन तासांनी परतायचे. ते गेले की मी स्टुलावर चढून पुस्तक काढायची. घरात तेव्हा छत्तिसावी गझल चालू होती. मला धीर नव्हता. मी पुढे पुढे उघडून बघितलं, हावरटासारखं, आणि एकशे बारावर अडकले. का ती, ते मला आजही सांगता येणार नाही. शेगडीवर चौरंग ठेवून त्यावर पसरलेल्या रजईत पाय घालून, पुस्तक मांडीवर उताणं टाकून, चहाचा पेला पानावर ठेवून मी ती गझल सबंध हिवाळा रोज वाचली. कधी पुस्तक छातीवर घेऊन तशीच झोपून जायची. मी, जी मुख्याध्यापिकेला चणे विचारते! पुस्तकाची पाठ मी मोडली.

आणि आगाजाननी त्या गुरुवारी पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी दारातच होते, साखरेचं भांडं घेऊन. पान बघितलं आणि मला लख्ख कळलं ते तिथे का उघडलं. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा तोंड उघडायला वेळ होता. तिसऱ्यांदा तर भरपूर होता. "आगाजान, ते माझ्यामुळे उघडतंय," इतकंच म्हणायचं होतं.

चोरी उघडी पडेल म्हणून गप्प बसले, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. तेवढं असतं तर मी एवढी घाणेरडी ठरले नसते. मला यावर हवा होता असंही नाही, तूबा, तेही जरा बरं दिसलं असतं. मला फक्त तू जायला नको होतीस. तू माझ्या, थोरलीच्या, आधी निघाली होतीस. घरात दोन म्हातारी माणसं, एक आगाजान, एक पुस्तकातला, आणि मी उरणार होते. तू हसायचीस तेव्हा या घरात आवाज असायचा. तेवढ्यासाठी मी साखरेचं भांडं घट्ट धरून उभी राहिले. आणि तू पाच महिन्यांत गेलीसच. म्हणजे पापही केलं आणि ते फुकटही गेलं.

अजून एक आहे. तू गेल्यावर वर्षभराने आठवड्याला एक करत करत आम्ही रीतसर एकशे बारावर पोचलो. शनिवारी आगाजाननी पहिला शेर वाचला आणि माझ्याकडे बघितलं नाही. पुढचे दिवस तसेच गेले. शुक्रवारी सातवा शेर आला. मला तो पाठ होता, त्यांना नवा नव्हता, पण सहा दिवस थांबून तो ऐकला की काय होतं ते मलाही तेव्हाच कळलं. वाटसरूला "थांबू नकोस, पाणी घरच्यांपुरतंच आहे" असं सांगणारा घराचा मालक नाही. सातव्या शेरात कळतं की हे सगळं विहिरीवरचं झाकण बोलतंय. वर्षानुवर्षं पाण्यावर पडून राहिलेलं, स्वतः कोरडं ठाक, आणि कुणी प्यायला आलं की जळफळणारं. म्हातारा त्या झाकणावर हसतो आणि वाटसरूला सांगतो, याचं ऐकू नकोस, उचल आणि पी.

आगाजाननी शेर दोनदा वाचला. मग पुस्तक मिटलं आणि दाढी धरून बसून राहिले. त्यानंतर त्यांनी कुणासाठीही कौल लावला नाही, शेजारीपाजारी पाया पडले तरी. मला वाटलं ते आता तुला लिहितील. त्यांना वाटलं असेल मी लिहीन. आम्ही दोघांनी पुढच्या शनिवारी एकशे तेरावी काढली.

यानंतर मी किती छान वाचते, किती हळू वाचते याचा तोरा तुला दोन पत्रांत दाखवला. ती पत्रं आठवून मला ओकारी येते आहे. पोपटवाल्याची आली नव्हती एवढी. सावकाश वाचण्याचं सुख खरं आहे, ते मी मागे घेणार नाही. पण मी तीस वर्षं सावकाश वाचत बसले, म्हणजे घाईने करायची एकमेव गोष्ट करावी लागणार नाही.

उस्ताद नबीने पुस्तक नव्याने शिवलं आहे. मी त्याला पुठ्ठा जुनाच ठेवायला सांगितला. आता ते कुठेच आपोआप उघडत नाही, चांगलं घट्ट आहे. चहाचं वर्तुळ काढू का, असं विचारत होता. नको म्हटलं. ते तुझ्याकडे या पत्रासोबत पाठवते आहे. परत पाठवायचं नाही. परनियानला सांग, कौल लावायचाच असेल तर लाव, पण सातवा शेर येईपर्यंत वाच. आणि त्याआधी तिच्या मनात काय आहे ते तिलाच विचार, त्या दिवशी तुला कुणीही विचारलं नव्हतं.

क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही.

फख्री

मशहद, ६ दी

आबजी,

पुस्तक मिळालं. पाकिटाला बिहीचा वास होता.

परनियानने कौल लावला नाही. मी तिला तुझी चारही पत्रं वाचायला दिली. दोन दिवसांनी ती परत देताना म्हणाली, "आई, मला तो मुलगा आवडतो. मला फक्त कुणीतरी 'नाही' म्हणेल अशी भीती वाटत होती." आज़र संपायच्या आत होकार कळवला. मुलगा पाव भाजतो, हात भाजलेले असतात, फार बोलत नाही.

आता तू लिहिलंस म्हणून मीही लिहिते. मला माहीत होतं. त्या हिवाळ्यात पहाटे मी जागी असायची. पुस्तक छातीवर घेऊन झोपलेली तू मला रोज दिसायचीस, कितीदा मीच ते उचलून वर ठेवलंय, नाहीतर आगाजानना सापडलं असतं. पान मी बघितलं होतं. त्या गुरुवारी आगाजान पुस्तक उघडत होते तेव्हा दाराआडून मी पुस्तकाकडे बघत नव्हते. तुझ्याकडे बघत होते. मला वाटत होतं, आता बोलेल. दुसऱ्यांदा वाटलं, आता. मी स्वतः सांगितलं असतं तर यावरसाठी खोटं बोलते असं ठरलं असतं. तुझं खरं मानलं असतं त्यांनी.

मी पुस्तकावर रागावले नव्हते, आबजी. विहिरीत टाक म्हटलं ते तुला लाज वाटेल, सांगशील, म्हणून. तू म्हणालीस, "पुस्तकाचा काय दोष!"

किळस मलाही येते. तुझी येते, आणि अठ्ठावीस वर्षं या पत्राची वाट बघत बसले म्हणून माझीही.

शनिवारपासून मी आणि परनियान पहिल्या गझलेपासून सुरुवात केली आहे. दिवसाला एक शेर, आगाजानसारखं. पुढचं बघायचं नाही. एकशे बारावीला पोचायला दोन वर्षांहून थोडी जास्त लागतील. त्या आठवड्यात ये. सातही दिवस तूच वाच, मोठ्याने, मी समोर बसेन.

त्याआधी येऊ नकोस.

तूबा